पलीकडच्या वर्गातलं हसू

—नाही नाही, बरोबर खोलीत आलात, बसा. फारसी ना? हीच. भिंतीपलीकडे खिदळतायत ना, तीही म्हणे फारसीच — तिकडे लक्ष देऊ नका. आमची बायको शिकवते तिकडे. हो, बायकोच. क्लास दोघांचा, पाटीवर नाव आधी माझं. शिकलीसुद्धा माझ्याकडेच, ह्याच बाकावर, तुम्ही बसलायत तिथंच. तेव्हा मला 'सर' म्हणायची. अजूनही चारचौघांत 'सर'च म्हणते — आताशा ते ऐकलं की अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आज प्रयोजक क्रियापदं. प्रयोजक म्हणजे काय? आपण करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं. सोपं आहे हो — वर्तमानकाळाचा धातू घ्या, पुढं 'आन्दन' लावा. खंदीदन म्हणजे हसणं, खंदान्दन हसवणं. रसीदन पोचणं, रसान्दन पोचवणं. फळ्यावर तक्ता मांडला, तुम्ही उतरवून घेतला, संपला विषय! आणि ही काय करते? तक्ता नाही, खडू नाही — एकाला उभं करते, म्हणते, ह्यांना हसव. मग तो माकडचेष्टा करणार, बाकीचे फारसीत ओरडणार, हसवलं, हसवलं! ह्याला काय शिकवणं म्हणायचं? पोरखेळ नुसता.

मी? मी कशाला भिंतीला कान लावू? आवाज येतो आपोआप. बरं, लावला एकदा. आणि — कुणाला सांगू नका हं — मीही करून पाहिलं. मागच्या आठवड्यात. आमच्यातले ते पेन्शनर आहेत ना, त्यांना उभं केलं, म्हटलं, हसवा सगळ्यांना. ते बिचारे कपाळाचा घाम पुसतायत, बाकीचे माझ्या तोंडाकडे बघतायत — आणि नेमका तेव्हाच पलीकडे हशा उसळला. आणि मग माझा वर्ग हसला. माझा वर्ग, तिच्या विनोदाला! जेवताना ही विचारते, अहो, आज तुमच्याकडे पण मजा चालली होती वाटतं? म्हटलं, तर काय, पोट धरधरून हसत होते. तिनं भाजी वाढली.

जळतो का? जळतो की! का जळू नये? ह्या धातूंपायी डोळ्यांची वाट लावून घेतली मी, आणि लोक विचारतात कुणाला, तर मॅडम कुठं बसतात? पण एक सांगतो — ज्यांना खरी भाषा हवी, ते अजून माझ्याकडेच येतात. फार नाही, पण येतात. तुमचंच बघा ना, तिकडे एवढी धमाल, तरी तुम्ही आपल्या पायांनी इकडे वळलात. त्याला पारख लागते. कुणी सांगितलं माझं नाव?

मॅडमनी? कुठल्या — आमच्या?

तिकडे जागा नव्हती का? होती... मग? 'व्याकरण सरांकडेच पक्कं होतं' — असं म्हणाली? बरं. आणि ते पेन्शनर — ते तुमच्याच गल्लीतले? त्यांनाही तिनंच पाठवलं?

बरं, बरं.

उघडा वही. लिहा — रसीदन, पोचणं. पुढचं तुमचं तुम्ही लिहा. मी जरा दार लावून घेतो, फार आवाज येतोय.