काकूंना वगळून गाडी

अहो, आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या सावंत भाऊजींचं आठवलं की अजून माझं डोकं तापतं. तेव्हा ती नवी छोटी गाडी निघाली होती आणि भाऊजींचा बुकिंगमध्ये नंबर लागला होता. घ्यायची की सोडायची, ते दोन दिवसांत कळवायचं होतं.

दार उघडं दिसलं म्हणून मी सहज डोकावले, तर बाहेरच्या खोलीत पुढे दोन खुर्च्या आणि मागे एक बाकडं! नवरा-बायको पुढे, तिन्ही पोरं मागे खेटून बसलेली.

"वहिनी, बरं झालं आलात. बघा, झकास मावतो ना सगळे?"

"आणि काकू?" मी विचारलं. भाऊजींच्या आई तिथेच खाली बसून वाल सोलत होत्या.

भाऊजींनी आवाज खाली आणला. "गाडी काय एका वर्षासाठी घेतात, वहिनी? पुढच्या दहा वर्षांचा विचार केला, तर पाच जणांची गाडी बरोबर आहे."

माझं पित्तच खवळलं. "लाज वाटत नाही? जितंजागतं माणूस समोर बसलंय, आणि तुम्ही आत्ताच त्यांना वजा करून मोकळे?"

भाऊजींची बायको तर खुर्चीतून हलेना.

काकूंनी वालाचं ताट बाजूला सारलं. "ऊठ गं," त्या सुनेला म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"घे रे गाडी. दहा वर्षं मी काही कुठे जात नाही. गाडी टिकेल का, तेवढं विचारून ये."