तुपातले वाळे

हॅलो? … आई? उतरलीस फ्रँकफर्टला? … अगं हळू बोल, काही कळत नाहीये… कस्टम्सवाले? अडवलं म्हणजे?

कसलं तूप? … आई! इथून अमेरिकेतून, पार्सिपनीहून निघताना दहादा बजावलं होतं मी, दूध-तूप-मांस बाहेरून युरोपात चालत नाही… हो, हो, स्वानंदीचं पहिलं बाळंतपण आहे, माहितीये. म्हणून काय जर्मनीत लोणी मिळत नाही? तिथेच कढवलं असतंस!

बरं, बरं, घाबरू नकोस. तू आपणहून सांगितलंस ना त्यांना? … लाल पाटीच्या रांगेत गेलीस? शाब्बास! मग काही होत नाही. डबा काढून घेतील, फेकतील, संपलं. जाऊ दे, तूपच तर आहे…

तूपच आहे ना? … आई? … अजून काय आहे त्या डब्यात?

वाळे?! … बाबांनी पहिल्या पगारात केलेले? आम्हा दोघी बहिणींचे? … तुपात? … 'चोर तुपात हात घालत नाही'! धन्य आहेस गं बाई! अगं, डबा कचऱ्यात चाललाय ना! सांग त्या कस्टम्सवालीला, आत्ता सांग!

सिल्व्हर म्हण… ग्रँडचाइल्ड म्हण… स्वतःचा पाय दाखव, कळेल तिला… दे, मी बोलते… फोन घेत नाही ती? असू दे. फोन ठेवू नकोस फक्त, मी आहे…

काय म्हणाली? … हातमोजे दिले? मग बघतेस काय, घाल हात! … एक मिळाला? आणि दुसरा? … थिजलंय गं ते, तळाशी खरवड… कडेने बघ… अगं नीट बघ ना…

मिळाला? दोन्ही? … देवा रे! संजय, ऊठ, मिळाले वाळे! … तुला नाही गं, नवऱ्याला सांगतेय… ड्यूटी? छे, एवढ्याशा चांदीला कसली ड्यूटी, भेटवस्तूंना सूट असते तेवढी. जा म्हणाली ना? मग नीघ! … सुटलो बाई! बाबा असते तर तुला चांगलंच झापलं असतं त्यांनी… नाही, मला पण, कळलं!

बाहेर आलीस? दिसली का स्वानंदी? … एवढं मोठं पोट? अगं, नववा लागलाय तिला! … वाळे नंतर दाखव, आधी जवळ घे तिला…

आई? … फोन चालूच आहे गं तुझा… दोघींचं रडणं ऐकू येतंय मला… हो, मीही इथे तेच करतेय… ठेव आता. ठेव ना गं.