मिलेत डावीकडे

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या प्रवासी संस्थेचे मालक आदरणीय रविराजशेठ, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, माझे सहकारी आणि माझ्याबरोबर देशोदेशी हिंडलेल्या नाशिककर बंधू-भगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, मानपत्रात ‘वेळेचा पक्का’ असंही लिहिलंत. सायखेड्याच्या शेतकऱ्याच्या पोराला याहून अधिक काय हवं? सहलींचा गाइड म्हणून बावीस वर्षांत माझी बस एकदाही उशिरा पोहोचली नाही, हे खरंच आहे. पण ती वेळेवर कशी पोहोचायची, ते आज सांगून टाकतो. रविराजशेठ, रागावू नका.

तीन वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या ख्रिस्ती मंडळींना घेऊन मी तुर्कस्तानात गेलो होतो. संत पौल जिथे जिथे फिरला ती गावं पाहायची, अशी सहल. गटात सिंधुबाई होत्या, निवृत्त नर्स. त्यांचे यजमान चर्चचे पाळक. करोनात ते एका दवाखान्यात वारले तेव्हा बाई दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटीवर होत्या. शेवटची भेट झालीच नाही. बाईंना बाकी कशाचं फारसं अप्रूप नव्हतं, पाहायचं होतं ते मिलेत. पौलाने आपल्या माणसांना तिथे बोलावून कायमचा निरोप घेतला, आणि ती माणसं त्याच्या गळ्यात पडून रडली. तिथे उभं राहून यजमानांचा निरोप घेणार, असं बाईंनी मला ओझरच्या विमानतळावरच सांगून ठेवलं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. उशीर झाला की ठिकाण बसमधूनच दाखवायचं आणि कागदावर ‘पाहिलं’ अशी खूण करायची. त्या दिवशी मंडळी इफिसला रमली, दीड तास जास्तीचा गेला. पुढे गालिच्यांच्या दुकानात वेळ दिलेली. मी मिलेतचा फाटा सरळ सोडून दिला. थोडं पुढे एका शेतात पडक्या दगडांचा ढीग दिसला. मी माइक घेतला आणि म्हणालो, “डावीकडे बघा मंडळी, मिलेत.”

सिंधुबाई उठून उभ्या राहिल्या. पुढच्या सीटला धरून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होत्या. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी माझे आभार मानले. आणि मी काय केलं? घड्याळ पाहिलं.

त्या ढिगाचा फोटो बाईंनी यजमानांच्या फोटोशेजारी लावला. दर नाताळला माझ्या घरी करंज्यांचा डबा येई. पण खरं बोलायची हिंमत होत नसे. आज त्या माझ्याविषयी चार शब्द बोलणार होत्या, निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव आहे. ते वाचून मला राहवेना. परवा त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

माझ्या खर्चाने पुन्हा नेतो म्हटलं, तर बाईंनी दुखऱ्या गुडघ्यांवरून नुसता हात फिरवला. मग म्हणाल्या, “देवरामभाऊ, म्हणजे माझा निरोप राहिलाच की हो.”

हे सभेत सांगू का, असं निघताना विचारलं. सांगा म्हणाल्या. साई, दिशा, उद्यापासून माझ्या जागी गाइड म्हणून बस तुमच्या हाती आहे, तेव्हा उशीर झाला तर होऊ द्या.

आपण सर्वांनी इतकी वर्षं जीव लावलात, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्याल. सिंधुबाईंकडेही मी माफी मागितली. ती त्यांनी दिलेली नाही, आणि देऊ नये असंच मला वाटतं.