मिठाची पुडी आणि पिवळा मीटर

अक्षता: आणि पकडले गेलो तर?

दत्ताराम: कोण पकडणार? तुझ्या आईने जन्मात असला मीटर हातात घेतलाय का? शून्य दिसलं की तिचा जीव भांड्यात पडेल. आणि हळू बोल जरा. ती मागे कपडे वाळत घालतेय. बोरीवलीत कुजबुजलं तरी तिला दहिसरला ऐकू येतं.

अक्षता: बाबा, मी दिवसभर कंपनीत चुंबक तपासते. त्याचाच पगार घेते. आणि माहेरी येऊन सख्ख्या आईला आंधळा मीटर दाखवू?

दत्ताराम: आंधळा म्हणजे?

अक्षता: हा पिवळा छोटा आहे ना, हा घरातल्या विजेसाठी. मिक्सर, पंखा, मीटररूमची भिंत, तिथे एकदम बरोबर चालतो, कारण वीज सारखी मागेपुढे होत असते. पण चुंबक नुसता गप्प पडलेला असला, तर याला तो दिसतच नाही. गिऱ्हाइकं स्वस्त मिळतो म्हणून हाच घेतात आणि आमच्याशी भांडायला येतात, तुमचे चुंबक मेलेत म्हणून.

दत्ताराम: झकास! मला अगदी असाच पाहिजे होता. आईच्या गुडघ्याच्या पट्ट्याला लावायचा, शून्य दाखवायचं, आणि तिची उशी हॉलमधून परत आमच्या खोलीत.

अक्षता: त्यापेक्षा सरळ सांगा ना तिला, मला करमत नाही, खोलीत ये म्हणून.

दत्ताराम: सांगितलं नसेल का मी? छातीत हे पेसमेकरचं यंत्र बसवून घरी आलो तेव्हापासून सांगतोय. डॉक्टर म्हणाले, चुंबक यंत्रापासून सहा इंच लांब ठेवा. हिने सहा इंचांचे सहा फूट केले. फ्रिजवरचे सगळे चुंबक काढून शेजारच्या पद्मजाच्या फ्रिजवर नेऊन लावले. माझा भजनाचा स्पीकर माळ्यावर गेला. पर्सला चुंबकाचं बटण आहे, म्हणून पर्स चपलांच्या कपाटात. आणि स्वतः गुडघ्याला चुंबकाचा पट्टा बांधते, म्हणून स्वतःलाही काढलं हॉलमध्ये!

अक्षता: मग झोपताना पट्टा काढ म्हणावं.

दत्ताराम: काढला की सकाळी जिना उतरवत नाही म्हणते. प्रदर्शनातून आणलाय तिने. त्याने गुण येतो की मनाचा खेळ आहे, ते देवाला माहीत. पण तिला बरं वाटतं ना? काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही गो.

अक्षता: पण बाबा, गुडघे कुठे, छाती कुठे?

दत्ताराम: तुला माहीत नाही का तुझी आई कशी झोपते? गुडघे पोटाशी घेऊन, माझ्याकडे तोंड करून. सगळी गादी तिची. पस्तीस-चाळीस वर्षं मी कडेला लटकून झोपलो, रोज कटकट केली. आता आख्खी गादी माझी आहे, तर झोप लागत नाही. सांगायला लाज वाटते, पण घरातल्या घरात भाडेकरू झाल्यासारखं वाटतं मला. चहा देते तोसुद्धा टेबलावर ठेवते आणि मागे सरते.

अक्षता: अरे देवा. एवढं झालंय?

दत्ताराम: एवढं झालंय. म्हणून तर तुला मुलुंडहून बोलावलं. आण इकडे तो आंधळा.

अक्षता: एक मिनिट. माझ्याकडे खरा मीटरही आहे, बॅगेत. आमच्या सौरभसरांच्या हातापाया पडून आणलाय. सकाळी आई आंघोळीला गेली तेव्हा पट्टा मोजून बघितला मी. खोटं बोलायचं तर आधी खरं माहीत हवं ना, तुमच्या छातीचा मामला आहे.

दत्ताराम: मग? घाबरवू नको.

अक्षता: एका वितीवर काही नाही. अगदी काहीच नाही. तेच आईला दाखवू या की.

दत्ताराम: आणि पट्ट्याला चिकटवल्यावर किती?

अक्षता: सहाशे गाऊसच्या वर.

दत्ताराम: बघ! तिला तो सहाशेच दिसणार. पुढचं तू काहीही सांग, ती आकडा धरून बसणार आणि उशी घेऊन थेट पद्मजाकडे राहायला जाणार. नको. पिवळाच काढ. आली बघ ती.

सुलक्षणा: काय चाललंय बापलेकीचं? मी आले की गप्प होता. आणि हे काय पिवळं? नवीन मोबाईल?

अक्षता: मीटर आहे गं आई. चुंबक मोजायचा. म्हटलं, तुझा पट्टा एकदा तपासून बघू या. बाबांना धोका आहे की नाही, एकदाच सोक्षमोक्ष.

सुलक्षणा: हे चांगलं केलंस. पण अहो, तुम्ही उठा तिथून. त्या खुर्चीत जा. अजून मागे. भिंतीला टेका.

दत्ताराम: भिंतीतून पलीकडे जाऊ का? खाली रिक्षास्टँड आहे.

सुलक्षणा: तोंड चालवू नका. घे गं, मोज.

अक्षता: आई, पाय असा स्टुलावर. आणि गुडघा अजिबात हलवायचा नाही हं.

सुलक्षणा: का?

अक्षता: याला... हालचाल चालत नाही.

सुलक्षणा: फोटो काढतेस की मोजतेस?

दत्ताराम: अगं, नाजूक मशीन आहे. परदेशी. तू श्वास धर.

अक्षता: झालं. बघ. शून्य.

दत्ताराम: शून्य! बघ, बघ, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. शून्य म्हणजे काही नाही. चल, मी उशी आणतो.

सुलक्षणा: बसा खाली. शून्य म्हणजे यात चुंबकच नाही?

दत्ताराम: नाहीच मुळी!

सुलक्षणा: म्हणजे त्या प्रदर्शनवाल्याने मला टोपी घातली? नकली पट्टा दिला? अहो, त्याचं कार्ड आहे माझ्याकडे. घाटकोपरला दुकान आहे मेल्याचं. चपला काढा माझ्या, आत्ता जाते आणि चांगली बघते त्याच्याकडे.

दत्ताराम: अगं थांब, थांब! नकली नाही. आहे ना चुंबक, पण थोडा. शहाणा आहे. आत-आत काम करतो, बाहेर दाखवत नाही.

सुलक्षणा: अक्षता, बाप काय बोलतोय तुझा?

अक्षता: मला नको विचारूस.

सुलक्षणा: आता नको विचारूस काय? माका सगळा कळता. मी बाजारात भाजीवाल्याकडे जाते तेव्हा पिशवीत काय नेते?

अक्षता: मिठाची एक किलोची पुडी.

सुलक्षणा: कशाला?

अक्षता: आधी त्याच्या काट्यावर पुडी ठेवायला. एक किलो दाखवलं, तरच भाजी घ्यायची.

सुलक्षणा: आणि?

अक्षता: आणि घेतलेलं पुन्हा एकदा तोलून बघायचं. दोनदा मोजल्याशिवाय तू पिशवीत टाकत नाहीस. सगळा बाजार ओळखतो तुला आई, लांबून दिसलीस की काटे पुसायला लागतात.

सुलक्षणा: मग तुमच्या ह्या मशीनला मी माझी पुडी न दाखवता कशी घेईन? आले. पद्मजाकडे जाऊन आले. अहो, हलू नका भिंतीपासून.

दत्ताराम: गेली?

अक्षता: गेली. वाट लागली, बाबा. फ्रिजचा चुंबक आणायला गेली ती.

दत्ताराम: मग काय झालं? तोही शून्यच दाखवील ना हा?

अक्षता: तेच तर! फ्रिजला चिकटतो आणि मीटरला शून्य? तिला काय दूधखुळी समजलात? आणि तिने तो हलवला तर अजून मजा. चुंबक हलला की हा आंधळा ताडकन उठून बसतो, आकडे नाचायला लागतात.

दत्ताराम: मग तू मीटर खाली पाड. हातातून निसटला म्हण.

अक्षता: माझ्या पैशाचा आहे!

(सुलक्षणा परत येते. हात लांब करून, चिमटीत फ्रिजवरचा प्लास्टिकचा आंबा धरलेला.)

सुलक्षणा: हा आपला रत्नागिरीचा आंबा. पद्मजाची अख्खी लग्नपत्रिका धरून ठेवली होती याने, पडू दिली नाही. लाव मीटर.

अक्षता: आई...

सुलक्षणा: लाव म्हणते ना. किती?

अक्षता: शून्य.

सुलक्षणा: वा! आता मी असा हलवते. हे काय? आता का नाचतोय? अहो, वर छताकडे काय बघताय, इकडे बघा. हा म्हणे परदेशी. याच्यापेक्षा आपला भाजीवाला बरा, तो निदान पाव किलोच मारतो. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?

अक्षता: बाबांच्या.

दत्ताराम: बघा! एका क्षणात बापाला विकलं.

सुलक्षणा: हसू नका! मला हसायला येत नाहीये. तुमच्या जिवाशी खोटेपणा करता? तुम्ही मोरीत पडलात, डोळे पांढरे केलेत, तेव्हा मी एकटी होते घरात. तुमचं डोकं मांडीवर घेऊन मी काय काय बोलले देवाला, ते माझं मला माहीत. आता हे यंत्र बसलंय, तुम्ही चालताय, बोलताय, खोट्या लबाड्या करताय. आणि माझ्या ह्या मेल्या पट्ट्यामुळे त्याला काही झालं असतं म्हणजे? मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?

दत्ताराम: अगं, रडू नको. सुलू. चुकलं माझं.

सुलक्षणा: जवळ येऊ नका! पट्टा आहे.

दत्ताराम: बघ अक्षता, हे असं आहे. रडणाऱ्या बायकोचे डोळे पुसायचे, तर मध्ये सहा फूट.

अक्षता: बास दोघांचं. आई, माफ कर, मीही सामील होते. आता हा बघ, बॅगेतला. हा खरा गाऊस मीटर. ही पुढे पातळ पट्टी दिसते ना, हिच्या टोकाला सगळं कळतं. आधी टोक या नळीत घालून शून्य करायचं. मग मोजायचं. गप्प पडलेला चुंबकही हा बरोबर ओळखतो.

सुलक्षणा: आधी माझा आंबा.

अक्षता: आधी तुझा आंबा. हे घे. नव्वद.

सुलक्षणा: हलवून?

अक्षता: हलव किती हलवायचा तो. परत टेकवलास की परत नव्वदच.

सुलक्षणा: हां. हा माणसासारखा बोलतोय. आता पट्टा. मी काढून टेबलावर ठेवते.

दत्ताराम: मी धरू का मशीन? माझाच जीव आहे, मला धरू दे.

अक्षता: धरा. पण बाबा, पट्टी सपाट. अशी उभी नाही करायची. कड दाखवलीत तर आकडा पडतो. चोरी आहे ती.

दत्ताराम: मला काय माहीत, बुवा.

सुलक्षणा: माहीत नसताना बरोबर तीच कड धरलीत? सपाट करा!

दत्ताराम: केली बाई. हे बघ. सहाशे चाळीस. झालं समाधान? जा आता पद्मजाकडे राहायला.

सुलक्षणा: अगो बाई! सहाशे!

अक्षता: आई, थांब. हे चिकटवल्यावर. आता बाबा, दोन बोटं वर उचला. किती?

दत्ताराम: अरेच्चा. पंधरा-सोळा.

अक्षता: अजून वर. आता?

दत्ताराम: दोनाच्या आत आला. अगं, हा तर पळून गेला!

अक्षता: चुंबक असाच असतो. जवळ वाघ, दूर मांजर. बाबांच्या यंत्राला पाचाच्या खाली काही फरक पडत नाही. आता एक वीत वर. थांबा तिथेच. अर्ध्यावर आलाय. आता आई, तू पट्टा उचल आणि लांब जा, त्या दारापर्यंत. बाबा, तुम्ही हात हलवू नका. बघ, तरी अर्धाच.

सुलक्षणा: मी इथे दारात, पट्टा माझ्या हातात, मग तो अर्धा कोणाचा?

अक्षता: जमिनीचा. पृथ्वीचा. तो सगळीकडे असतो. पद्मजाकडेही असतो.

सुलक्षणा: म्हणजे एका वितीवर माझ्या पट्ट्याचं काही उरतच नाही?

अक्षता: नाही. डॉक्टरांनी सहा इंच उगाच नाही सांगितले. वीत म्हणजे त्याहून थोडी जास्तच.

सुलक्षणा: आणि हे तुम्हाला आधीच माहीत होतं?

दत्ताराम: होतं.

सुलक्षणा: खरं सांगून काम होत असताना खोटं कशाला बोललात हो?

दत्ताराम: भीती वाटली. तू आकडा बघून अजून लांब गेलीस तर? हॉलच्या पुढे घरात जागा नाही.

सुलक्षणा: वेडे आहात झालं.

अक्षता: मग? उशी आणू का आई?

सुलक्षणा: घाई करू नकोस. वीत म्हणजे कोणाची वीत? ह्यांचा हात फावड्यासारखा, माझा एवढासा.

अक्षता: तुझीच धर. तुझ्या वितीवरही काही नाही, मी सकाळी मोजलंय.

सुलक्षणा: सकाळचं सकाळी. पट्टा तिकडे दूर ठेव, टीव्हीजवळ. अहो, बसा इथे. ताठ बसा. यंत्र कुठे आहे?

दत्ताराम: इथे. डाव्या खांद्याखाली. दुखत नाही आता, हात लावला तरी चालतो.

सुलक्षणा: अंगठा इथे ठेवते. आणि करंगळी... इथपर्यंत. म्हणजे माझा गुडघा याच्या पलीकडे राहिला पाहिजे. कळलं?

दत्ताराम: कळलं.

अक्षता: मी चहा ठेवते.

सुलक्षणा: झाली मोजून. आता हात सोडा माझा.

दत्ताराम: एकदाच मोजलीस. दोनदा मोजल्याशिवाय तू काही घेत नाहीस ना? मोज परत.