अक्काच्या टायमाला बी गोळी व्हती

माझं नाव सोजर. माहेर केजच्या अंगाला, सासर इकडं नेकनूरकडं. बाप मेंढरं राखायचा, इथं बी मेंढरंच. आमी दोगी बहिनी एकाच घरात दिल्या, थोरल्या भावाला गयाअक्का, धाकट्याला मी. काय सांगू तुमाला ताई, माळावर अक्का पुढं, मी मागं, अन् तिचं बोलनं वाऱ्यावर मागं यायचं, मेंढराला शिव्या, सासूला शिव्या, सोताच्या नवऱ्याला बी शिव्या, हसून हसून पोट दुखायचं.

मंग तिला दुसरं लेकरू झालं, ते चार दिसांत गेलं. तवापसून अक्का गप झाली. गप म्हंजी कशी, पानी समोर ठिवलं तर पान्याकडं बगत बसायची, पेत न्हवती. इंदू तिची थोरली, सहा वर्साची, ती पदर वढायची तरी बगायची न्हाई. सासू म्हनली बाहेरचं हाय हे. देवऋषी आनला. त्यानं मिरच्यांची धुरी केली, अक्का उठून पळाया लागली तर म्हनला धरा हिला. गडी मान्सं दारातच हुबी. मी धरलं. मपल्या हातानं तिची दोनी मनगटं धरली ताई, अन् ती मला म्हनली सोजे, सोड, माझ्यात कुनी न्हाई, मीच हाय. अशीच म्हनली, मीच हाय. मी सोडलं न्हाई. मला वाटलं अक्का न्हाई, तेच बोलतंय.

चार म्हैन्यानं अक्का गेली. अन्नच सोडलं व्हतं तिनं.

इंदूला मी वाढवलं. मला पोटचं काही झालं न्हाई, तीच माझी लेक. मावशी म्हनती मला. चौसाळ्यात दिली तिला, जावई चांगला हाय, त्याचं टायरचं दुकान हाय.

अन् गेल्या साली सुगी झाली तवा माझंच तसं झालं. भाकर तव्यावर करपून काळी व्हायची, मला दिसायची, पर हात उचलत न्हवता. कोकरू पायात लुडबुडायचं, त्याची माया येत न्हवती. आजवर कधी असं झालं न्हवतं. सकाळी उठलं की छातीवर जात्याची पाळी ठिवल्यासारखं. बाया म्हनाया लागल्या गयाच आली हिच्या अंगावर, बहिनीला न्याया आली. मला बी तसंच वाटायचं. पान्याच्या हंड्यात वाकलं की मपलं तोंड तिच्यासारखं दिसायचं. मालक भले हायेत, पर तेबी म्हनले, बगू का कुनाला इचारून? मला ती मिरच्यांची धुरी आठवली.

हे इंदूच्या कानावर गेलं. ती आली अन् मला एस्टीत घालून बीडला नेलं, मनाच्या आजाराच्या डाक्टरीनबाईकडं. बाई सबुरीनं बोलल्या. म्हनल्या, हे बाहेरचं न्हाई, आजार हाय, गोळी सुरू करू, दोन-चार आठवडे फरक कळायचा न्हाई, आपल्या मनानं बंद करायची न्हाई. मी इचारलं, बाई, ही गोळी नवी निगाली का? म्हनल्या, न्हाई हो, असल्या गोळ्या लई वर्सांपसून हायेत.

मी तिथंच अक्काला जाऊन झालेली वर्सं मोजली.

घरी आले अन् गोळ्या मिसरीच्या डब्यात ठिवल्या. रोज काढून बगायची अन् परत ठिवायची. तुमी म्हनाल कावून? आवं, गोळीनं मी बरी झाले तर मंग अक्का बी बरी झाली असती की! मंग ते बाहेरचं न्हवतंच, मंग मी धरलं कुनाला? मला वाटायचं, न्हाई व्हायचं बरं. असंच जावं, तिच्यासारखं.

पंधरा दिसांनी इंदू परत आली. डबा उघडला, गोळ्या हाय तशा. भांडली लई. मंग मी सांगून टाकलं, इंदे, तुह्या आईला मी धरलतं. ती खाली बसली. म्हनली, मला ठावं हाय मावशे, मी जवारीच्या कनगीमागं व्हते, धूर माझ्या बी डोळ्यात गेलता. मी म्हनलं, आन् एवढ्या वर्सांत बोलली न्हाईस? म्हनली, बोलून जाऊ कुठं, मला जेवायला तूच घालायचीस. मंग रडाया लागली, म्हनली, तुला सजा पायजे तर दुसरी कुठली बी घे, ही नको, ही सजा मला हुईल. एक माय गेली, दुसरी बी अशीच घालवू का?

तिच्यासमोरच पैली गोळी घेतली.

पैले दिस नुसती मळमळ, तोंडाला कोरड. मंग दीड-दोन म्हैन्यानं एक दिस मेंढी व्याली अन् मी तिच्याशी बोलले. माझं मलाच नवल वाटलं. आता भाकर येळेवर उलटती, बायात बसते. पर ताई, जशी जशी बरी व्हतीय तसं तसं अक्काचं बोलनं खरं व्हतंय. ती खरंच एकटी व्हती त्या धुरात. हे मी बाईला सांगितलं. त्या म्हनल्या, ह्याला गोळी न्हाई, हे बोलत जा. म्हनून बोलते.

इंदूला आता दिस गेलेत. परवा हसत म्हनली, मावशे, बाळंतपनानंतर मीबी गप झाले तर गं? म्हनलं, माझे बाई, शेजारी बसन, लेकरू मी घीन, अन् सकाळच्या गाडीनं तुला बीडला नीन. तिला सुकानं मोकळी कर म्हनावं देवाला, बाकी मला काही मागायचं न्हाई.