जुगाराच्या साइटवर तात्यांचं नाव

अगं, आमच्या सासऱ्यांना, तात्यांना, अजून कळलेलं नाही की नेमकं काय चुकलं. कळंबच्या आमच्या डाळिंब रोपवाटिकेची वेबसाइट गुगलवर पहिल्या पानावर यायची. आणखी वर यावी म्हणून मी एका एजंटाकडून हजारभर साइटवर आमची लिंक टाकून घेतली. महिन्याभरात आमची साइट पार मागं गेली आणि रोपांसाठी येणारे फोनच थांबले.

मी घाबरतच तात्यांना सांगितलं.

"हजार ठिकाणी नाव हाय, मग खाली कसं गेलो?"

"तात्या, त्यातल्या निम्म्या साइट जुगाराच्या निघाल्या. म्हणून गुगलचा आपल्यावरचा भरवसा उडाला."

तात्यांनी टेबलावरचा फोन माझ्यापुढं सरकवला.

"गुगलला फोन लाव. म्हणावं, कळंबात कुणालाबी इचार, तात्यानं जन्मात पत्त्याला हात लावला न्हाय!"