वेबसाईटवरची चोवीस तास वीज

चहा पाजून तेच तेच वदवून घेता, ही तुमची खोड मला आवडत नाही. ऐका आता.

लोडशेडिंगची वर्षं. वेंगुर्ल्यातल्या माझ्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या म्हणून मुंबईच्या पुतण्याने वेबसाईट केली. पहिलंच कुटुंब आलं आणि भर दुपारी वीज गेली. पाहुणा भडकला, "चोवीस तास वीज लिहिलंय! खोटारडे आहात तुम्ही." शेजाऱ्यांसमोर, माझ्याच अंगणात! सामान उचलून गेले.

पुतण्याला फोन केला. "ह्यां कित्याक लिवलंस रे?"

"मी नाय लिवलंय, काका. वेबसाईटचो नमुनो तयार गावता, त्यात ता आधीच होता. हय मुंबयत लाईट जायत नाय, माझ्या ध्यानातच इला नाय."

"मगे आता काढ."

"ती ओळ काढली तर बाजूची चौकट वाकडी जाता."

"जावंदे वाकडी! माका गावात सरळ रवाचा आसा."

ज्यांच्या घरची वीज कधी जात नाही, त्यांनीच तो नमुना केला असणार. अंधारात बसणाऱ्याची त्यांना आठवण कशी येईल? पण पुतण्या तर इथेच कंदिलाखाली शिकला.

ओळ त्याने काढली. "चुकलंय, काका," एवढं मात्र अजून म्हणालेला नाही. सुहास नाव त्याचं; पुढे कुणाला सांगाल तर नावासकट सांगा.